सव्वा शेराची कुऱ्हाड

निर्मळची जत्रा दोन-तीन दिवसांवर आली होती, आणि एकोणीसशे अठ्ठेचाळीस सालचं ते वादळ येऊन गेलं. सकाळी सावित्री वाडीत गेली तेव्हा तिला आधी आपली वाडी ओळखूच येईना. केळी सगळ्या झोपल्या होत्या, पण त्यांचं तिला तेवढं वाटलं नाही. केळ बुंध्यातून पुन्हा उठते. तिचे पाय थबकले ते विहिरीपाशी. काठावरचा रायवळ आंबा, तिच्या आजेसासऱ्यांच्या हातचा, मुळासकट उलथून रहाटाच्या फेरीवर आडवा पडला होता. त्याची मांडीएवढी जाड फांदी चाकाला जेमतेम टेकली होती. चाक वाचलं, एवढंच काय ते नशीब.

पण रेडा फिरायची वाट बंद झाली होती आणि रेडा फिरल्याशिवाय रहाटाला पाणी नव्हतं. वादळाबरोबर पाऊस बक्कळ पडला होता, म्हणून चार-सहा दिवसांची सवड होती. त्यापुढे त्या रेताड जमिनीत पानवेली तग धरणार नव्हत्या. घर चालायचं ते त्या पानमळ्यावर.

तिने पदर खोचला, घरात जाऊन कुऱ्हाड आणली आणि फांदीवर घाव घातला. कुऱ्हाड ओल्या सालीवरून सरकली. दुसरा घाव घातला तेव्हा सालीत रुतली, पण लाकडात शिरली नाही. सासऱ्यांच्या काळापासून त्या कुऱ्हाडीला धार लावून लावून तिचं पातं निम्मं झालं होतं. शिवाय ती होती दोन शेरांची. वीस घावांत सावित्रीचे खांदे भरून आले, आणि फांदीवर मांजराने ओरबाडल्यासारख्या खुणा तेवढ्या उमटल्या.

ओटीवर तिचा नवरा एकनाथ बसलेला होता. तिथून वाडी पूर्ण दिसत नसे, पण आवाज येत असे. त्याने काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही.

दीड वर्षापूर्वी चैत्रात एकनाथला अर्धांगाचा झटका आला. त्याआधी निर्मळपासून आगाशीपर्यंत कोणत्याही वाडीत मोठं झाड उतरवायचं असलं की त्याला बोलावणं यायचं. झाड कुठे पडेल ते तो आधी खुंटी ठोकून दाखवायचा आणि झाड खुंटीवर पडायचं. आता त्याचा उजवा हात मांडीवर ठेवला तर ठेवल्या जागी राहायचा. पाय ओढत तो ओटीपर्यंत यायचा. जीभही जड झाली होती. शब्द त्याच्या मनात असायचा, ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडकायचा. पहिल्या महिन्यात भेटायला आलेल्या कोणीतरी त्याचं वाक्य भलतंच पुरं केलं आणि बाकीचे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण त्या दिवसापासून घराबाहेरच्या माणसाने एकनाथचा आवाज ऐकला नव्हता.

सावित्रीने सगळा कारभार अंगावर घेतला. त्याला त्रास नको म्हणून ती त्याला काहीही विचारायची नाही. कोणती केळ लावायची, पानं कोणाला घालायची, रेडा कधी बदलायचा, सगळं तीच बघायची आणि झालं की सांगायची. तो मान डोलवायचा.

शेजारच्या वाडीतला आग्नेल दुपारी डोकावून गेला. त्याच्याही चिंचा आणि नारळी पडल्या होत्या.

"वैनी, मी येतो, पण आठ दिवस तरी नाही जमायचं," तो म्हणाला. "गावातली एक कुऱ्हाड मोकळी नाही. करवतवाले सगळे अर्नाळ्याला गेले. तिथे होड्यांची दशा बघवत नाही म्हणतात."

"आठ दिवसांत माझा मळा जाईल."

"ते मला दिसतंय," आग्नेल म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सावित्री चालत आगाशीच्या बाजाराला गेली आणि एका दुकानातून नवी कुऱ्हाड घेऊन आली. चकचकीत, लाल रंगाचा पट्टा मारलेली, दांड्यासकट. दुकानदाराने अंगठ्याने धार दाखवली होती आणि त्याच कुऱ्हाडीने एक सुतळी कापून दाखवली होती. सुतळी कापायला कुऱ्हाड लागत नाही, हे तिच्या तेव्हा डोक्यात आलं नाही.

पहिले दोन घाव छान बसले. तिसऱ्याला फांदीच्या गाठीवर खण्णकन आवाज झाला. तिने कुऱ्हाड वर उचलली, तर धारेत तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली होती. आणखी चार घावांत तशा तीन झाल्या.

ती तशीच ओटीवर आली आणि कुऱ्हाड जमिनीवर टाकून भिंतीला टेकून बसली. एकनाथने खाली बघितलंही नाही.

"ठि... ठिसूळ," तो म्हणाला.

"कळलं तुम्हाला?"

त्याने कानाकडे बोट नेलं. ऐकलं होतं.

सावित्री दोन दिवस नीट जेवली नव्हती. ती एकदम चिडली. "तुम्हाला एवढं कळतं, तर मी बाजाराला निघाले तेव्हा बोलला का नाहीत? सकाळी तुमच्या समोरून गेले मी."

तो बराच वेळ तोंड हलवत राहिला. तिला वाटलं, आता सोडून देईल. पण त्याने सोडलं नाही.

"वि... चारलंस का?"

रागाने नव्हता बोलला तो. नुसता तिच्याकडे बघत होता. दीड वर्ष आपण या माणसाला जपतो आहोत, अशीच तिची समजूत होती. त्याला जेवायला वाढलं, अंघोळ घातली, औषध दिलं. आणि या दीड वर्षात एक गोष्ट विचारली नाही. आजारी गुराला तरी माणूस विचारतो, पाणी हवं का. पण रडायला बसण्याची ती वेळ नव्हती.

"आता विचारते," ती म्हणाली. "चांगली कुऱ्हाड कशी ओळखायची?"

ते सांगायला त्याला अख्खी संध्याकाळ लागली. जिथे शब्द येईना तिथे तो डाव्या हाताने दाखवायचा, आणि ती अंदाज करायची, आणि अंदाज चुकला की तो मान हलवायचा. चुकलेला अंदाज तो चालवून घेत नव्हता, हे तिला नवीन होतं. दांडा बसतो त्या भोकाला नेढं म्हणतात हे तिला ठाऊक होतं. पण नेढ्यातून एक डोळा मिटून बघायचं आणि धारेची रेघ बरोबर मधून जाते का ते पाहायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. रेघ एका बाजूला गेली तर घावही बाजूला जाणार. नेढं वरच्या तोंडाशी किंचित रुंद हवं, म्हणजे पाचर मारल्यावर दांडा निसटत नाही. दोरीला टांगून दगडाने टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखी वाजली तर बरी, फुटक्या मडक्यासारखी वाजली तर आत चीर आहे. आणि धारेवर कानस फिरवायची. कानस नुसती घसरली तर धार ठिसूळ, भसकन खाल्लं तर मऊ. थोडं खाऊन थांबली, तर ठीक.

"तुम्हीच चला ना," सावित्री म्हणाली. "तळ्याच्या काठाला घिसाडी उतरलेत, जत्रेसाठी. घटकाभराची तर वाट."

त्याने जोरात मान हलवली आणि तोंड फिरवलं.

वादळामुळे त्या वर्षीची जत्रा निम्मीच होती, पण घिसाडी आले होते. तळ्याच्या काठी एका वडाखाली त्यांच्या दोन गाड्या सोडलेल्या होत्या. जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवली होती, एक म्हातारी भाता ओढत होती, आणि तिचा मुलगा नथू लाल लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर फिरवत होता. घण मारत होती त्याची बायको हंसा. सावित्रीच्याच वयाची असावी, चाळिशीच्या आतबाहेर. नथू छोट्या हातोड्याने जागा दाखवायचा आणि हंसाचा घण नेमका तिथेच पडायचा. सावित्री क्षणभर कुऱ्हाडीचं विसरून तिच्या खांद्यांकडेच बघत राहिली.

गोणपाटावर आठ बिनदांड्याच्या कुऱ्हाडी मांडलेल्या होत्या. सावित्रीने खाली बसून एकेक उचलली. नेढ्यातून बघितलं. सुतळीला टांगून वाजवली. घरून आणलेली कानस फिरवली. जत्रेतली दोन माणसं थांबून बघायला लागली, तसा नथूने हातोडा खाली ठेवला.

"बाय, कुऱ्हाड घेताय की मुलीला नवरा बघताय?"

"नवऱ्यानेच सांगितलंय असं बघायला," सावित्री म्हणाली.

"मग नवरा कुठाय?"

"घरी. त्याला बरं नसतं."

आठांतल्या पाच तिने बाजूला सारल्या. एकीची रेघ वाकडी होती, दोन मऊ होत्या, दोन बद्द वाजत होत्या. उरलेल्या तिन्हींत एक फार जड वाटली. राहिल्या दोन. त्या दोन्ही तिला सारख्याच चांगल्या वाटल्या, आणि तिथे तिचं ज्ञान संपलं.

"या दोन्ही घरी नेऊन दाखवू का? आत्ता परत आणते."

"माल जागेवरून हलत नाही," नथू म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. वर्षभर गावोगाव हिंडणाऱ्या माणसाचा तो नियमच होता.

हंसा घणावर हात टेकून ऐकत होती. तिने पदराने तोंड पुसलं. "मी जाते बरोबर," ती नथूला म्हणाली. "हिच्यासारखं बघणारं गिऱ्हाईक मी या जत्रेत पहिल्यांदा पाहिलं. शिकवणारा कोण आहे ते बघून येते."

वाटेत दोघी फार बोलल्या नाहीत. हंसाने दोन्ही कुऱ्हाडी दोरीत ओवून एका खांद्यावर टाकल्या होत्या, काटक्या टाकाव्यात तशा.

ओटीवर परकी बाई चढलेली बघून एकनाथने आधी उठायचा प्रयत्न केला. पण हंसाने कुऱ्हाडी त्याच्यासमोर ठेवल्या, आणि त्याचा डावा हात आपोआप पहिल्या पात्यावर गेला. मग त्याने बाईकडे बघितलं नाही. त्याने कुऱ्हाड दोन्ही गुडघ्यांत धरली, नेढ्यातून बघितलं, मान डोलावली. वाजवली, मान डोलावली. सावित्रीला मनातून बरं वाटलं. निवड चुकली नव्हती. मग त्याने बोटाने पाट्याकडे दाखवलं. सावित्रीने धार लावायचा पाटा आणि पाणी आणून दिलं. पात्याची बाजू त्याने ओल्या पाट्यावर दहा-वीस वेळा घासली, पुसली आणि उन्हात तिरपी धरली. धारेपाशी चकाकणारी एक बारीक पट्टी होती, नखाएवढी रुंद. तिच्या मागे लोखंड करडं, मंद दिसत होतं. दोहोंमध्ये केसासारखी रेघ.

त्याने त्या पट्टीवर नख ठेवलं आणि हंसाकडे बघितलं.

"पो... लाद," तो म्हणाला. "एवढंच?"

हंसाचा चेहरा उतरला नाही. मग ती खाली बसली.

"एवढंच," ती म्हणाली. "तुमच्यापासून काय लपवायचं. बाकीचं साधं लोखंड. मोटारीच्या कमानपट्ट्यांचं पोलाद घालतो आम्ही, लढाईतल्या लष्करी गाड्यांचं. लढाई संपली तेव्हा खूप मिळायचं, आता मिळत नाही. म्हणून जत्रेच्या मालात थोडं थोडं घालतो. दोन वर्षं चालते कुऱ्हाड. मग धार लावता लावता पोलाद संपतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, आता हिला धार राहत नाही."

सावित्रीला दारामागे टेकवलेली सासऱ्यांची कुऱ्हाड आठवली.

"चांगली करून द्याल का?" तिने विचारलं. "पोलाद भरपूर घालून?"

"देऊ ना. एक चांगला तुकडा आहे जपून ठेवलेला." हंसा एकनाथकडे वळली. "पण तुम्ही समोर बसायचं. आमचा माणूस हाताने चांगला आहे, पण समोर कळणारं कोणी नसलं की आळस करतो. कोणीही करतो. मीसुद्धा करते."

एकनाथने मान हलवली. नाही.

"का?"

त्याने ओठांकडे बोट केलं.

"तोंडाचं काय काम आहे तिथे?" हंसा म्हणाली. "घणाच्या आवाजात आम्हाला एकमेकांचं ऐकू येत नाही. वीस वर्षं झाली, हातवाऱ्यांवरच चाललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथने स्वतःहून धोतर बदललं. सावित्रीने विचारलं, आग्नेलची गाडी मागू का. तो म्हणाला, नको. तिच्या खांद्यावर डावा हात ठेवून तो निघाला. घटकेच्या वाटेला दोन घटका लागल्या. देवळाच्या रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. कोणी "एकनाथराव, बरं आहे का?" म्हणालं. तो मान लववत होता. त्याची बोटं खांद्यात रुतत होती ती पायाच्या त्रासाने की कशाने, हे सावित्रीला कळत होतं.

नथूने त्याला उलट्या टोपलीवर बसवलं, भट्टीच्या डाव्या अंगाला, जिथून ऐरण नीट दिसत होती. मग त्याने लोखंडाची पट्टी निवडली आणि वजनाचा अंदाज दाखवायला एकनाथच्या हातात दिली.

"दोन शेरांची करू ना? तुमच्यासारख्या माणसाला तीच लागते."

एकनाथने पट्टी हातात तोलली. मग खडूने तिच्यावर एक रेघ मारली, चांगली तिसऱ्या भागाहून जास्त कापून टाकणारी.

नथू म्हणाला, "ही तर सव्वा शेराची होईल. कोणासाठी ही?"

भोवती सहा-सात माणसं जमली होती. एकनाथ बोलायला लागला, अडकला. कोणीतरी मागून मदतीला म्हणालं, "पोरासाठी असेल." एकनाथने हात वर करून त्याला थांबवलं. सगळे थांबले. भाता ओढणारी म्हातारीही थांबली.

"हि... च्यासाठी," तो म्हणाला. "तोडणार... ही."

जमलेल्यांत एक जण हसला, पण दुसरं कोणी हसलं नाही, म्हणून तोही गप्प झाला. सावित्री खाली बघत राहिली. तिला लाजल्यासारखं झालं होतं, पण मान मात्र आपोआप ताठ होत होती.

काम सुरू झालं. पट्टी लाल करून दुमडली, दुमडीत नेढं घडवलं, आणि दोन तोंडांच्या मध्ये पोलादाचा तुकडा बसवला, चांगला चार बोटं आत जाणारा. सांधा घट्ट बसावा म्हणून वर टाकणखार टाकून पुन्हा भट्टीत घातलं. लोखंड पांढरं होऊन ठिणग्या सोडायला लागलं तसं नथूने ते बाहेर ओढलं, आणि हंसाचा घण पडायला लागला. दोनदा एकनाथने हात वर केला. एकदा नथूने मान डोलावून तो म्हणत होता तसं केलं, आणि एकदा नाही केलं. नथू म्हणाला, "ते माझ्यावर सोडा," आणि एकनाथने ते मानलं.

दुपारपर्यंत पातं तयार झालं. राहिलं होतं पाणी पाजणं, म्हणजे तापलेली धार नेमक्या वेळी पाण्यात बुडवून तिला कडक करणं.

"इथे आपलं जमायचं नाही," नथू एकनाथला म्हणाला. "धार एकदा बुडवून काढली की मागची धग पुन्हा धारेकडे येते. आधी पिवळा रंग चढतो, मग पिंगट, मग जांभळा, मग निळा. मी निळ्यावर बुडवतो. मऊ राहते, पण तुटत नाही. तुटली की लोक माझ्या नावाने ओरडतात."

एकनाथने जोरात मान हलवली. निळा नाही. त्याआधी.

"मग तुम्हीच सांगा कधी ते. नंतर तुटली तर माझं नाव घ्यायचं नाही."

नथूने धार बुडवून काढली, वाळूवर घासून चमकवली आणि एकनाथच्या डोळ्यांसमोर धरली. सगळे वाकून बघायला लागले. धारेवर फिकट पिवळी छटा आली. ती पिंगट झाली. कडेला जांभळं चढायला लागलं. एकनाथचे ओठ हलले. सावित्रीला दिसत होतं, शब्द आला आहे, तो तिथेच आहे. एकच साधा शब्द. तिच्याच तोंडून तो निसटणार होता, पण तिने दात घट्ट मिटले. जांभळं पसरलं, निळं झालं, निळं फिकट होत गेलं. "आ... आत्ता," एकनाथ म्हणाला, आणि तोवर धारेचा रंग पार उडाला होता.

एकनाथने डावा हात जमिनीला टेकला आणि तो उठायला लागला. सावित्रीने त्याचा चेहरा बघितला. तिला वाटलं, आपण बोलायला हवं होतं. एका शब्दाने काय बिघडलं असतं. आता हा माणूस पुन्हा ओटीवर जाऊन बसेल, तो कायमचा.

"कुठे चाललात?" हंसाने विचारलं. तिने नथूच्या हातातली सांडशी घेतली आणि पातं परत निखाऱ्यांत खुपसलं. "एकदा गेलं तर गेलं. लोखंड पुन्हा तापतं. माझे दिवसाला पन्नास घाव फुकट जातात, मी काय घण टाकून पळते?" मग म्हातारीला म्हणाली, "ओढा हो आई."

भाता फुसफुसायला लागला. एकनाथ अर्धवट उठलेला तसाच होता. सावित्रीने त्याच्या दंडाला हात लावला नाही, बस म्हणाली नाही. त्याने थोडा वेळ निखाऱ्यांकडे बघितलं, आणि तो पुन्हा टोपलीवर बसला.

दुसऱ्या वेळी त्याने बोलायचा प्रयत्नच केला नाही. खाली पडलेला हातोडा त्याने डाव्या हातात घेतला. धार पिवळी झाली, पिंगट झाली, कडेला जांभळाची रेघ उमटली, आणि एकनाथने हातोडा ऐरणीवर मारला. ठण्. त्याच क्षणी नथूने पातं पाण्यात सोडलं. वाफ वर आली. नथूने ते बाहेर काढून कानस फिरवली. कानसेने थोडं खाल्लं आणि ती थांबली.

नथूने दुसऱ्या जागी फिरवून बघितलं. तिसऱ्या जागी बघितलं. मग पातं एकनाथच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "पुढच्या जत्रेला इथेच येऊन बसा, भाऊ. टोपली ठेवतो."

दांडा एकनाथने घरी निवडला. चंदनसार गावच्या एका शेतकऱ्याने मागे आणून दिलेली तिवसाची तीन लाकडं माळ्यावर वाळत पडली होती. त्यातलं सरळ रेषेचं त्याने घेतलं. मग सावित्रीला उभं करून तिच्या काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत माप घेतलं आणि तिथे खूण केली. तासून दिला आग्नेलने, एकनाथ सांगेल तसा. आग्नेल अर्ध्या तासासाठी म्हणून आला होता, पण दोन तास बसला. आपल्या कुऱ्हाडीचा दांडा हाताला का लागतो ते त्याने विचारून घेतलं, आणि एकनाथचा एकेक शब्द येईपर्यंत तो तासणी हातात धरून थांबायचा. जाताना म्हणाला, "उद्या माणूस पाठवू का वैनी?" सावित्री म्हणाली, "पहिले दोन दिवस मला बघू दे."

दोन नव्हे, चार दिवस लागले. एकनाथ विहिरीच्या कट्ट्यावर बसायचा आणि काठीने दाखवायचा. आधी बारक्या फांद्या, मग चाकावरची मोठी, तीही वरून नाही, खालच्या बाजूने, म्हणजे फांदी चाकावर दाबली जाणार नाही. घाव सरळ नाही, तिरपा, एक या बाजूने, एक त्या बाजूने, म्हणजे ढलपा आपोआप सुटतो. पहिल्या दिवशी तिच्या हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिने चिंधी गुंडाळली. कुऱ्हाड मात्र तिच्या हातात जड झाली नाही. संध्याकाळी तो धारेवर बोट फिरवायचा आणि पाट्यावर चार हात मारून द्यायचा. डाव्या हातानेच, हळूहळू. पाचव्या दिवशी सकाळी रेड्याला लावून खोड फेरीबाहेर ओढलं आणि मग त्याला रहाटाला जुंपलं. रहाट एकदा कुरकुरला आणि मग फिरायला लागला.

पानवेलींच्या सात ओळी तोवर वाळल्या होत्या. त्या गेल्याच. बाकीच्या वाचल्या. वाळलेल्या जागी पुन्हा वेली लावायच्या की नुसती केळ लावायची, यावर नवरा-बायकोचा दोन दिवस वाद चालला. एकनाथ केळीच्या बाजूने होता. जीभ अडखळत असली तरी त्याने माघार घेतली नाही, आणि शेवटी केळीच लागल्या.

जत्रा संपल्यावर घिसाड्यांच्या गाड्या विरारकडे निघाल्या, तेव्हा हंसा वाटेत थांबून वाडीत आली. तोपर्यंत आंब्याचं नुसतं खोड उरलं होतं, बाजूला जळाऊ फाट्यांची रास. तिने खोडावरचे घाव बोटांनी चाचपले. सावित्रीने तिला पाणी दिलं, केळी बांधून दिली. हंसा केळी घेऊन उभीच राहिली.

"एक विचारू का बाय?" ती म्हणाली. "जरा मी मारून बघू?"

"कुऱ्हाड? तूच तर केलीस ती."

"केल्या. किती केल्या त्याची गणती नाही. पण चांगली झाली की ती त्याच दिवशी विकली जाते. आमच्या सरपणाला मोडकी, टाकाऊ. चांगली कुऱ्हाड लाकडात कशी जाते ते मी कधी बघितलं नाही."

सावित्रीने कुऱ्हाड तिच्या हातात दिली. हंसाने तिला घणासारखी डोक्यावर सरळ उचलली.

"ति... रपी," कट्ट्यावरून एकनाथ म्हणाला.

हंसाने त्याच्याकडे बघितलं, पाय थोडा मागे घेतला आणि तिरपा घाव घातला. मग दुसऱ्या बाजूने एक. तळहाताएवढा पांढरा ढलपा सुटून उडाला आणि पाटाच्या पाण्यात पडला. आणखी दहा-बारा घाव तिने घातले, आधी सावकाश, मग जोरात, आणि रस्त्यावरून नथूने हाक मारली तेव्हा तिने त्याला हात हलवून थांब म्हणून सांगितलं.